आवारातल्या छोट्या गाड्यांचे अपघात : चौकशी ‘निष्काळजीपणा’ या शब्दापाशीच का थांबते?

पाना_पक्कड

आमच्या आवारात माल, हत्यारे आणि माणसे इकडून तिकडे नेण्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. दोघांची सीट, मागे छोटा हौदा, डोक्यावर छप्पर आणि दोन्ही बाजू उघड्या, असे त्यांचे रूप आहे. गोल्फच्या मैदानावर फिरणाऱ्या गाडीलाच कामाला जुंपले आहे, असे पाहणाऱ्याला वाटावे. फोर्कलिफ्ट चालवायची असेल तर आमच्याकडे परवाना लागतो, गळ्यात ओळखपत्र लागते आणि वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावे लागतात. या गाडीसाठी मात्र भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली किल्ली काढली की काम झाले.

तीन आठवड्यांपूर्वी माझा एक सहकारी चालकाशेजारी बसून पंपघराकडे निघाला होता. हत्यारांची पेटी त्याच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात पेटीवर होते. कार्यशाळेच्या कोपऱ्यावर गाडी चालकाच्या बाजूला वळली आणि हा दुसऱ्या बाजूने बाहेर फेकला गेला. मनगट मोडले, डोक्याला मार लागला आणि दोन दिवस दवाखान्यात देखरेखीखाली राहावे लागले. अपघात अहवाल पाच ओळींचा आहे. कारणाच्या रकान्यात ‘प्रवासी नीट बसला नव्हता, चालकाने पुरेशी काळजी घेतली नाही’ असे लिहिले आहे आणि उपायाच्या रकान्यात ‘सर्वांना समज देण्यात आली’ एवढेच आहे.

चालक काही मुलखावेगळा बेदरकार माणूस नाही. त्या कोपऱ्यावर आम्ही सगळेच तसे वळतो, मीही वळतो. मी सुरक्षा समितीवर कामगारांच्या बाजूने नेमलेला सदस्य आहे आणि पुढच्या बैठकीत हा अहवाल पुन्हा उघडावा असे सुचवणार आहे. तेथे नेमके काय मांडावे, यासाठी ज्यांचा अशा गाड्यांशी रोजचा संबंध आहे त्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

जुना_मिस्त्री

अशा गाड्यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून यंत्राच्या बाजूने सुरुवात करतो.

सर्वांत आधी ब्रेक. गोल्फ कार्टच्या सांगाड्यावर बांधलेल्या बहुतेक कामाच्या गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पेडलपासून एक केबल मागे जाते आणि ड्रममधले शू दाबते, एवढीच ती यंत्रणा आहे. सपाट रस्त्यावर ती पुरते. उतारावर मात्र ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची चाके हलकी होऊन जागच्या जागी अडकतात आणि गाडीचे शेपूट फिरते. चालकाला ही गाडी ‘घसरली’ असे वाटते आणि अहवालातही तसेच येते. प्रत्यक्षात ती घसरण्याची तयारी कारखान्यातूनच घेऊन आलेली असते, म्हणून उतारावर वळण्याच्या आधी वेग कमी करायचा असतो, वळताना नाही. जुन्या सिरीज मोटरच्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर त्यांची मोटर गाडीला अडवत नाही, त्यामुळे उतारावर गाडी स्वतःच्या कमाल वेगाच्याही पुढे जाते. नव्या एसी मोटरच्या गाड्यांत मोटरच वेग धरून ठेवते. ज्या आवारात दोन्ही प्रकारच्या गाड्या मिसळून वापरल्या जातात तेथे नव्या गाडीची सवय झालेला माणूस जुन्या गाडीवर बसला की पहिल्याच उतारावर फसतो.

दुसरी गोष्ट हँडब्रेकची. कित्येक मॉडेलमध्ये हँडब्रेक म्हणजे ब्रेक पेडलच्याच वरच्या भागाने अडकवलेला खटका असतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो आपोआप सुटतो. मैदानावर खेळणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली ही रचना कारखान्यात घातक ठरते, कारण चालक किल्ली चालू ठेवून खाली उतरतो, सीटवरची पेटी किंवा केबलचे वेटोळे घसरून पेडलवर पडते आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यांवर गाडी येते. कधी खाली उभा असलेला माणूसच वाकून डॅशबोर्डवरचा कागद उचलताना पेडलवर गुडघा टेकवतो. या दोन्ही तऱ्हांनी झालेले अपघात मी पाहिले आहेत आणि दोन्ही वेळी ‘गाडी अचानक सुटली’ अशी नोंद झाली होती.

तिसरी गोष्ट वेगाची. गाडीच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटर नियंत्रित करणाऱ्या पेटीत, कमाल वेग बसवलेला असतो आणि हातात मावेल एवढ्या प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने तो दोन मिनिटांत बदलता येतो. कोणी तरी तक्रार करतो की गाडी फार हळू आहे, देखभाल करणारा आकडा वाढवून देतो आणि त्याची कोठेही नोंद राहत नाही. तुमच्या त्या गाडीचा आकडा आज किती आहे आणि खरेदीच्या वेळी किती होता, हे आधी काढा.

गणिताचा_तास

जुना_मिस्त्री यांच्या शेवटच्या वाक्याला मी आकड्यांची जोड देतो. वळताना प्रवाशाला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि वळणाची त्रिज्या जितकी लहान तितका तो अधिक असतो. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५.५६ मीटर. कोपरा ५ मीटर त्रिज्येचा धरला तर बाजूचे त्वरण सेकंदवर्गाला ६.२ मीटरच्या आसपास येते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६३ पट. ६० किलोच्या माणसाला कोणी ३८ किलोच्या जोराने बाजूला ढकलावे तसे हे आहे. गुळगुळीत रेक्झिनच्या सीटवर कपड्यांचे घर्षण एवढा जोर सहसा अडवू शकत नाही. चालकाच्या हातात स्टिअरिंग असते, त्यामुळे तो नकळत त्याला धरून राहतो. प्रवाशाच्या हातात पेटी होती.

हाच कोपरा ताशी १० किलोमीटरने घेतला तर तो जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो, म्हणजे साधारण साडेनऊ किलो. एवढा जोर माणूस मांड्या आवळूनही सहन करतो. वेग थोडा कमी करून काय फरक पडणार, असे बैठकीत कोणी म्हणाले तर हे दोन आकडे समोर ठेवावेत.

आणखी एक बाब पाहण्यासारखी आहे. सीटच्या कडेला कमरेपाशी जी ठेंगणी दांडी असते ती प्रवाशाला आत ठेवण्यासाठी दिलेली असते, परंतु माणसाचा गुरुत्वमध्य तिच्या वर येत असेल तर जोराच्या वळणात ती टेकूचे काम करते आणि माणूस तिच्यावरून डोक्याकडून खाली जातो. दांडीची उंची सीटपासून मोजा. हात धरायची कडी प्रवाशाच्या कोणत्या बाजूला आहे हेही पाहा, कारण जी कडी धरण्यासाठी माणसाला बाहेरच्या बाजूला झुकावे लागते तिचा उपयोग उलटाच होतो.

शिफ्ट_डॉक्टर

मी एका मोठ्या आस्थापनेच्या वैद्यकीय कक्षात काम करते आणि दुखापतींच्या बाजूने काही सांगू इच्छिते.

या गाड्यांमुळे होणाऱ्या दुखापती नोंदवहीत गाडीच्या नावाने येतच नाहीत. गाडीतून पडलेला माणूस ‘पडणे’ या सदरात जातो, पायावरून चाक गेलेला ‘पाय चिरडणे’ या सदरात जातो, चालत्या गाडीतून उतरताना घोटा मुरगळलेला ‘घसरणे व अडखळणे’ यात जातो आणि बॅटरी उचलताना कंबर धरलेला ‘वजन उचलणे’ यात जातो. वर्षअखेरीस सगळ्या सदरांची बेरीज होते तेव्हा वाहन या शब्दापुढे शून्य दिसते आणि व्यवस्थापनाला प्रामाणिकपणे वाटते की छोट्या गाड्यांचा काही त्रास नाही. पाना_पक्कड यांनी आपल्या आवारातली प्रथमोपचाराची जुनी वही काढून प्रत्येक नोंदीतल्या माणसाला ‘त्या वेळी तेथे गाडी होती का’ एवढा एकच प्रश्न विचारावा, असे मी सुचवेन.

डोक्याच्या मारासंबंधी थोडे सविस्तर सांगते. ताशी २० किलोमीटरच्या वेगातली ऊर्जा सुमारे दीड मीटर उंचीवरून पडण्याइतकी असते हे खरे, पण तो वेग आडवा असतो आणि मोकळ्या जमिनीवर त्यातला बराच भाग खरचटण्यात आणि लोळण्यात जातो. डोके आपटते ते सीटच्या उंचीमुळे आणि शरीर उलटे फिरल्यामुळे. वाटेत दगडी कड, खांब किंवा पायरी आली तर मात्र आडवा वेगही सगळा एकाच जागी उतरतो. मागे तोंड करून बसण्याच्या सीटवरून किंवा हौद्याच्या कडेवरून पडणारा माणूस बहुधा डोक्याच्या मागच्या भागावर पडतो, आणि गाडी झटक्याने सुरू झाली की तेथून पडायला वळणाचीही गरज लागत नाही. पडल्यावर माणूस उठून बसला, बोलला आणि ‘काही झाले नाही’ म्हणाला, तरी त्याला एकट्याला घरी पाठवू नये. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर मधला काही काळ तो अगदी ठीक दिसू शकतो. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झापड, असंबद्ध बोलणे, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे किंवा झटका, यांपैकी एकही लक्षण दिसले तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या माणसाने तर लक्षणांची वाटही पाहू नये.

पायावरून चाक जाणे ही दुखापत सर्वांत जास्त फसवते. गाडी हलकी, टायर मऊ, हाड मोडलेले नाही, कातडी शाबूत, म्हणून माणूस बर्फ लावून कामावर परततो. फिरते चाक कातडीला खालच्या थरापासून सोलून काढते आणि वरून जखम न दिसताही आत पोकळी होऊन रक्त व द्रव साठतो. शिवाय सुजेमुळे स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढला तर रक्तपुरवठा तुटतो. दुखापतीच्या मानाने फारच जास्त आणि वाढत जाणारे दुखणे, बोट हलवून पाहिले की असह्य कळ आणि बधिरपणा, ही त्याची खूण आहे. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते आणि उशीर झाल्यास पाय कायमचा अधू होतो.

एक पाय बाहेर सोडून बसण्याची सवय सर्वत्र दिसते. गाडी थांबण्याआधीच तो पाय जमिनीला टेकतो, टाच अडकते, गाडी पुढे जाते आणि नडगी पिळली जाते. अशा वेळी हाड पिळवटून नागमोडी मोडते आणि महिनोन्‌महिने माणूस घरी बसतो. मला भेटलेल्या अशा रुग्णांपैकी एकालाही आपण काही धोक्याचे करत होतो असे आधी वाटले नव्हते.

जाता जाता पाठीचा उल्लेख करते, कारण तिची नोंद तर कोठेच होत नाही. खडबडीत जमिनीवर दिवसभर कडक स्प्रिंगची गाडी चालवणाऱ्याच्या मणक्याला बसणारे हादरे मोजता येतात. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशानुसार संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनासाठी आठ तासांच्या हिशेबाने सेकंदवर्गाला ०.५ मीटर या पातळीला उपाययोजना सुरू करावी लागते आणि १.१५ मीटर ही ओलांडू नये अशी मर्यादा आहे.

उत्पादन_विभाग

मला येथे थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो आणि तो कोणाला रुचला नाही तरी मांडणे आवश्यक आहे.

मी ज्या विभागाचा प्रमुख आहे तेथे एक माणूस दिवसातून चाळीस-पन्नास वेळा गाडीत चढतो आणि उतरतो. दर वेळी पट्टा लावा असे सांगणे सोपे आहे. दोन दिवसांनी तो पट्टा सीटमागे कायमचा अडकवून ठेवलेला दिसतो. वेग निम्मा केला तर फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या की तोच कामगार एका फेरीत दुप्पट माल लादतो. यंत्रात दोष असतात हे मान्य आहे. तथापि समोर वळण दिसत असताना वेग कमी न करणे हा चालकाचा निर्णय असतो आणि त्या निर्णयाला त्याच्या नावाने ओळखले नाही तर उद्या कोणीच जबाबदारी घेणार नाही. सगळे खापर रचनेवर फोडणे हे मला सगळे खापर माणसावर फोडण्याइतकेच अपुरे वाटते.

जुना_मिस्त्री

उत्पादन_विभाग यांचा पट्ट्याचा मुद्दा खरा आहे, तो मी बाजूला सारणार नाही. परंतु ज्या गोष्टीवर चाळीस वेळा शिस्त पाळावी लागते ती गोष्ट शिस्तीवर सोडू नये, असाच अर्थ मी त्यातून काढतो. बाजूला वर उचलता येणारी दांडी किंवा छोटे जाळीचे दार लावले तर त्याला एका हाताची हालचाल पुरते. वेगाचेही तसेच आहे. सगळ्या आवारात निम्मा वेग ठेवण्याची गरज नाही. सरळ लांब रस्त्यावर गाडी पळू द्या आणि इमारतींच्या कोपऱ्यांवर गतिरोधक नको, तर वळणाची त्रिज्याच वाढवा. कोपऱ्यावर ठेवलेले पिंप किंवा लाकडी पॅलेट हलवले की पुष्कळदा दोन मीटर सहज मिळतात. गतिरोधकाने बसणारा हादरा मागे उभ्या माणसाला उडवतो, म्हणून तो मी शेवटचा पर्याय मानतो.

नियमपुस्तक

नियमांच्या अंगाने पाहिले तर या गाड्या एका फटीत पडलेल्या दिसतात. फोर्कलिफ्टसाठी अमेरिकेच्या १९१०.१७८ या नियमात चालकाचे प्रशिक्षण आणि किमान दर ३ वर्षांनी त्याचे मूल्यमापन बंधनकारक आहे. साध्या गोल्फ कार्टला तो नियम लागू होत नाही. तेथे १९७० च्या कामगार-सुरक्षा कायद्यातले सर्वसाधारण कर्तव्य तेवढे उरते, म्हणजे ज्ञात धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याचे मालकाचे कर्तव्य. रस्त्यावर चालणाऱ्या मंदगती गाड्यांसाठी, ज्यांचा वेग ताशी ३२ ते ४० किलोमीटरच्या दरम्यान असतो, त्याच देशाने १९९८ साली सीटबेल्ट, दिवे आणि आरसे सक्तीचे केले. म्हणजे त्याच सांगाड्याची गाडी फाटकाबाहेर गेली तर तिला पट्टा हवा आणि फाटकाच्या आत, जेथे माणसे आणि यंत्रे दाटीवाटीने काम करतात, तेथे तो नसला तरी चालतो. आवारातल्या माणसे व माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी बी५६.८ हे स्वतंत्र अमेरिकी मानक आहे, परंतु ते माहीत असलेला खरेदी अधिकारी मला अद्याप भेटायचा आहे.

ब्रिटनच्या १९९८ च्या कामाच्या साधनांविषयीच्या नियमांची भाषा मला अधिक उपयोगी वाटते. फिरते साधन माणसे नेण्यायोग्य असेल आणि त्यात धोका कमी करणारी सोय असेल तरच त्यावरून कर्मचारी न्यावा, असे ते सांगतात. या एका वाक्यासमोर हौद्यावर बसवून माणसे नेण्याची प्रथा टिकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात सुरक्षेच्या उपायांचा कोणताही खर्च कामगारांवर पडू नये असे कलम २१ मध्ये आहे, आणि २०२२ पासून या कराराला मूलभूत करारांत स्थान मिळाले आहे. काही ठिकाणी अपघातात मोडलेल्या गाडीची भरपाई चालकाच्या पगारातून कापतात. अशा ठिकाणी पुढचा अपघात कोणी कळवत नाही, हे वेगळे सांगायला नको.

उत्पादन_विभाग यांना एक नम्र सूचना करतो. चालकाची चूक लिहायला हरकत नाही. पण त्याच्या पुढच्या ओळीत ‘ती चूक करणे त्याला सोयीचे का होते’ याचे उत्तरही लिहावे.

बागेतली_यंत्रे

चर्चा आतापर्यंत कारखान्याच्या आवारात फिरली. मी मोठ्या बागांमध्ये आणि माळरानावर चालणाऱ्या गाड्यांवर काम करतो, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सीट असलेल्या, वर सळ्यांचा पिंजरा असलेल्या चारचाकी युटिलिटी गाड्या आणि घोड्यासारखे पाय टाकून बसायच्या क्वाड बाइक. तेथे माणूस फेकला जातो त्याहून गाडी कलंडण्याची भीती मोठी असते.

गाडी कलंडू लागली की माणूस नकळत हात किंवा पाय बाहेर टाकतो, जणू काही चारशे-पाचशे किलोचे वजन तो हाताने सावरणार आहे. पिंजऱ्याची सळई नेमकी त्या हातावर येते. म्हणून पिंजरा आणि पट्टा ही जोडी आहे. पट्टा नसेल तर माणूस अर्धा बाहेर पडतो आणि त्याला वाचवण्यासाठी लावलेला पिंजराच त्याला चिरडतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत हे ज्ञान जुने आहे. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा १९५९ सालीच सक्तीचा केला होता. क्वाड बाइकला तसा पिंजरा नसतो आणि तिच्यावर पट्टा बांधून उपयोगही नसतो, कारण ती वळवताना अंग झुकवावे लागते. ऑस्ट्रेलियाने बरीच वर्षे शेतांवरचे मृत्यू पाहिल्यानंतर ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या नव्या क्वाड बाइकवर, गाडी उलटल्यास चालकासाठी जागा राखणारे साधन बसवणे आणि बाजूला कलंडण्याविरुद्ध किमान स्थिरता असणे बंधनकारक केले. त्याही आधी, १९८८ साली, अमेरिकेत तीन चाकांच्या तशा गाड्यांची नवी विक्री थांबली होती. तीन चाके वळणात कलंडतात हे चालकांना ‘समज देऊन’ बदलता येण्यासारखे नव्हते.

फवारणीच्या टाकीविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. भरलेली टाकी जड असते म्हणून लोक तिला भितात आणि अर्धी झाली की निर्धास्त होतात. अर्ध्या टाकीतले पाणी उताराच्या बाजूला धावते आणि वळण संपल्यावरही आपटत राहते, त्यामुळे आडव्या उतारावर अर्धी टाकी पुष्कळदा जास्त अवघड जाते. टाकीत आडवे पडदे असलेलीच घ्यावी आणि उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली चालावे. चढावर मागच्या हौद्यात जास्त वजन असले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, हा अनुभव एकदा घेतलेला माणूस पुन्हा हौदा शिगोशीग भरत नाही.

रातपाळी

मी या गाड्या चालवतो, म्हणून थोडेच लिहितो. बॅटरीची गाडी आवाज करत नाही. पायी चालणारा माणूस पाठीमागून येणारी गाडी ऐकूच शकत नाही आणि यंत्रांच्या गोंगाटात कानात बोळे घातलेला तर मुळीच नाही. रस्त्यावरच्या विजेच्या मोटारींसाठी संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम आहे, त्यात ताशी २० किलोमीटरपर्यंत गाडीने स्वतः आवाज करायचा असतो. आमच्या गाड्यांचा सगळा जन्म त्या २० किलोमीटरच्या आत जातो, पण आवारात तो नियम कोणी लावत नाही. आम्ही शेवटी जमिनीवर पुढे निळा ठिपका टाकणारा दिवा बसवून घेतला. कोपऱ्यावरून गाडीच्या आधी ठिपका येतो आणि माणसे थांबतात.

चार्जिंगच्या खोलीची कोणीच आठवण काढली नाही. शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत खिडक्या बंद करून ठेवत असत. पाना हातातून निसटून बॅटरीच्या दोन टोकांवर पडला तर तो लाल होतो आणि बोटात अंगठी असेल तर बोटही जाते. ॲसिड डोळ्यात उडाले तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवायचा असतो, म्हणून नळ त्याच खोलीत असावा लागतो, व्हरांड्याच्या टोकाला नाही.

पाना_पक्कड

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. त्याआधीच्या आठ दिवसांत मी जे जे करता आले ते केले आणि त्यातून निघालेले येथे नोंदवतो.

कोपऱ्याची टेप लावून मोजणी केली. गाड्या ज्या वाटेने वळतात तिची त्रिज्या पाच मीटरहूनही थोडी कमी भरली, आणि ती तेवढी असण्याचे कारण म्हणजे कोपऱ्यावर रचून ठेवलेले रिकामे पिंप. जुना_मिस्त्री यांचा तर्क अचूक निघाला. कंट्रोलरचा आकडा पाहिला तेव्हा खरेदीच्या कागदावर ताशी १६ किलोमीटर होते आणि प्रत्यक्षात २२ निघाले. आकडा कोणी व केव्हा बदलला हे कोणालाही सांगता आले नाही आणि मी ते शोधण्याच्या मागेही लागलो नाही. शिफ्ट_डॉक्टर यांनी सुचवल्याप्रमाणे प्रथमोपचाराची वही उघडली. गेल्या दोन वर्षांतल्या ‘पडणे’ आणि ‘घोटा मुरगळणे’ या नोंदींतल्या ज्या माणसांना गाठता आले त्यांना विचारले आणि त्यांतल्या तीन नोंदी याच कोपऱ्याच्या निघाल्या. दोघांनी सांगितले की गाडीचे नाव घेतले असते तर ती विभागाकडून काढून घेतली असती, म्हणून ते बोलले नव्हते.

बैठकीत उत्पादन विभागाच्या प्रमुखांनी जवळजवळ येथल्यासारखेच आक्षेप घेतले आणि त्यांतला पट्ट्याचा आक्षेप आम्ही मान्य केला. पिंप हलवले आहेत. कंट्रोलरचा आकडा पूर्वीवर आणून त्यावर सील लावायचे आणि बदल करायचा झाल्यास वहीत दोन सह्या घ्यायच्या, असे ठरले. बाजूच्या दांडीसाठी एका गाडीवर प्रयोग होणार आहे. किल्ली खिळ्यावरून निघाली का, तर नाही; त्या मुद्द्यावर अजून वाद चालू आहे.

मात्र सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला कोणत्याही मोजणीतून कळली नाही. सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो तेव्हा मी त्याला सहज विचारले की पेटी मांडीवर कशाला घेतली होतीस, हौदा तर रिकामा होता. तो म्हणाला की हौद्याच्या मागच्या फळीची कडी चार महिन्यांपासून तुटलेली आहे, फळी उघडी पडते आणि पेटी रस्त्यावर सांडते. मी परत येऊन गाडीचे लॉगबुक पाहिले. त्याच्याच अक्षरात ती तक्रार दोनदा लिहिलेली आहे आणि दोन्ही वेळा समोरच्या रकान्यात कोणाची तरी सही आहे. नव्या अहवालात कारणाच्या रकान्यात ती कडी लिहिली गेली आहे, चालकाच्या वेगाच्या आधी. नवी कडी मागवली आहे, यायला दहा-बारा दिवस लागतील असे भांडारातून कळले.

जुना_मिस्त्री

तोवर फळी तारेने बांधून गाडी चालवू नका, ती तार कोणाच्या तरी पोटरीत जाते. फळी पूर्ण काढून हौदा वापरायचा बंद करा किंवा गाडीच बाजूला उभी करून तिची किल्ली खिळ्यावर न ठेवता तुमच्या खिशात ठेवा. कडी आल्यावर बिजागरीची पिनही बदला, कडी तुटेपर्यंत ती झिजलेलीच असते.